ळाना नावाची नदी

"पोहे थांबव," अण्णा म्हणाले. "आधी कोडं."

आई ट्रे घेऊन दारातच थांबली. ट्रेमध्ये पोह्यांच्या बशा, वर खोबरं, कोथिंबीर, आणि त्यांच्यामागं आईचा चेहरा. डोळ्यांदेखत गाडी सुटली की माणसाचा होतो, तसा. तिच्यामागं मी, पाण्याचा तांब्या घेऊन. बघायला आलेल्या मुलानं पोह्यांकडं बघितलं, मग अण्णांकडं, मग भिंतीकडं.

"अहो, गरम आहेत," आई म्हणाली.

"कोडंपण गरम आहे. आत्ता एसटीतनं उतरलंय."

"पाहुणेपण त्याच एसटीतनं उतरलेत की, दाजी," बाबूमामा म्हणाला. "पेपरच्या गठ्ठ्याला टेकून आलेत बिचारे."

"मग तर ओळख झाली असेल दोघांची," अण्णा म्हणाले आणि पेपर उघडला.

माझ्या अण्णांनी सगळी नोकरी मोजणीदार म्हणून काढली. साखळी घ्यायची, लोकांच्या शेतात उभं राहायचं आणि बांध कुठं आहे ते सांगायचं. ज्याच्या बाजूनं सांगायचं तो चहा पाजायचा आणि ज्याच्या विरुद्ध सांगायचं तो बघून घेतो म्हणायचा. निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी शाल दिली. अण्णांनी वर ट्रेसिंग पेपरचा एक अख्खा गुंडाळा मागून घेतला. साखळी गेली, शेतं गेली, पण हाताची सवय काही जाईना. शेवटी त्यांना 'दैनिक पहाटवारा'तलं शब्दकोडं सापडलं. नाव पहाटवारा, पण सोलापुरातून निघून बार्शीत पोचेपर्यंत ऊन चटकायला लागायचं.

कोडं अण्णा सोडवायचे नाहीत. मोजायचे. आधी डावा वरचा कोपरा पक्का करायचा. मग लगतची घरं. सगळं पेन्सिलीनं. आडव्याचं उभ्याशी भांडण मिटलं की मग शाई. शाई वाळली की वर ट्रेसिंग पेपर ठेवून दोन प्रती काढायच्या, एक दप्तराला आणि एक पक्षकाराला. पक्षकार म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तर आलं की त्यावर ट्रेस ठेवायचा आणि खिडकीत उजेडाला धरायचा. जुळलं तर जुळलं. नाही जुळलं तर चूक पेपरची. मग पहाटवाराला पोस्टकार्ड जायचं. जुळलं तरी जायचं म्हणा. उत्तर बरोबर असलं म्हणून सूचना बरोबर होती असं थोडंच आहे.

अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि डॉक्टर म्हणत होते अजून पिकू दे. त्यामुळं सूचना मी वाचायची आणि पोस्टकार्डंही मीच लिहायची. "लिही, शैला. 'वेळू' या उत्तरास 'एक झाड' अशी सूचना देणाऱ्या गृहस्थांनी वेळू पाहिलेला नाही. वेळू हे गवत आहे. ज्यांना झाड आणि गवत यातला फरक कळत नाही, त्यांनी चरायला जावं." मी शेवटचं वाक्य गाळू का विचारायची. ते म्हणायचे, तेच तर मुद्द्याचं आहे.

आणि मला बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलानं अण्णांच्या शेजारी बसून त्या दिवशीचं कोडं सोडवायचं, हा आमच्या घरचा नियम होता. "ज्याला कागदावरच्या घरांचा मेळ घालता येत नाही, तो एका घराचा काय घालणार," असं अण्णांचं म्हणणं. लातूरच्या इंजिनियरनं पहिल्याच घरात पेनानं लिहिलं. नापास, कारण खोडायची तयारी नसलेला माणूस. कुर्डुवाडीच्या बँकवाल्यानं विचारलं, उत्तर कुठं उलटं छापलेलं नसतं का. त्याला तर चहासुद्धा मिळाला नाही. तिसऱ्यानं अण्णांच्या आधीच सगळं सोडवून टाकलं. त्याला उतावळा म्हणून काढला. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. नाही कळलं. माझी तिशी जवळ आली होती आणि आई देवापुढं दिवा लावताना हल्ली माझ्यासाठी नवरा मागत नव्हती, सोपं कोडं मागत होती.

हा चौथा. श्रीरंग पोरे. मामानं शोधला होता. सोलापूरला छापखान्यात आहे, एवढंच मामानं सांगितलं होतं. आज नुसतं बघून जाईल, जमलं तर घरची मंडळी पुढच्या खेपेला. उंबऱ्यावर यानं दारावरची पाटी वाचली. द. वि. बगाडे, निवृत्त मोजणीदार. आणि काढलेली चप्पल परत पायात घातली. मामानं दंडाला धरून आत आणला. मला वाटलं, लाजाळू असेल.

"वाच, शैला."

मी वाचलं. "एक आडवा. दिवाळीतला एक गोड पदार्थ."

"घरं?"

"सात."

अण्णांनी एकेक बोट दुमडलं. "करंजी तीन. अनारसा चार. शंकरपाळी पाच. सात?" त्यांनी श्रीरंगकडं बघितलं. "बोला."

श्रीरंग पेपराकडं बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पंखा चालू होता.

"सात घरांचं दिवाळीत काही नसतं, काका," तो हळूच म्हणाला.

"नसतं कसं? नकाशात आहे." अण्णांनी चौकोनावर पेन्सिल आपटली. "एक लक्षात ठेवा. नकाशा चुकत नाही, जमीन चुकते. नकाशात विहीर असेल आणि शेतात नसेल, तर विहीर शोधायची. नाही सापडली तर कुणीतरी बुजवली म्हणायचं. बाबू, सात घरं."

मामाला कोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लग्न जमवण्यातलं सगळं कळत होतं. तो म्हणाला, "नारळाची करंजी."

अण्णांनी बोटांवर मोजलं. "ना, र, ळा, ची, क, रं, जी. सात. बघा. बसलं की नाही?"

बसलं. पेन्सिलीनं लिहिलं गेलं. आईनं ट्रे कपाटावर ठेवला.

"पुढचं."

"तीन उभा," मी वाचलं. "एक नदी. घरं दोन."

"भीमा. नाहीतर सीना. तीन उभा सुरू कुठून होतो?"

मी बघितलं, परत बघितलं. "नारळाच्या ळापासून."

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कोड्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मग पेन्सिल उचलली.

"ळानं सुरू होणारी नदी," ते म्हणाले. "असणार. भारत मोठा देश आहे."

"ळानं मराठीत काहीच सुरू होत नाही, काका," श्रीरंग म्हणाला.

"नदी मराठीच असली पाहिजे असं सूचनेत लिहिलंय का? शैला, लिहिलंय?"

"नाही."

"मग. बिहारात वगैरे असेल. ळाना, ळापी, काहीतरी."

"ळाना," मामा म्हणाला. "आहे. माझ्या साडूचा भाऊ रेल्वेत तिकडंच होता. पुलावरनं गाडी जाते म्हणायचा. पावसाळ्यात लई फुगते म्हणे."

ळाना लिहिली गेली. श्रीरंगनं डोळे मिटून घेतले.

त्यानंतर कोडं चढणीला लागलं. पाच उभा, फळभाजी, क पासून चार घरं. आमच्या आईला अण्णांनी उभ्या जन्मात कधी शब्द विचारला नव्हता. ती स्वयंपाकघरातनं म्हणाली, "कलिंगड."

"ते फळ आहे."

"सालीची भाजी करतात. तुम्ही खाल्लीय. गेल्या उन्हाळ्यात दोनदा. दोडका म्हणून खाल्लीत."

अण्णांनी मान हलवली आणि कलिंगड लिहिलं. पांडवांपैकी एक, दोन घरं, पण सुरुवात जी पासून. मामा म्हणाला, नकुलाला लाडानं जीवा म्हणत. अण्णा म्हणाले, शक्य आहे, धाकट्यांतला होता. हत्ती, सहा घरं. ते अण्णांनी स्वतः काढलं. "सोंडवाला प्राणी." आणि मामानं त्यांना टाळी दिली. मी सूचना वाचत होते आणि मला काही सुधरत नव्हतं. वेळूला कुणी झाड म्हटलं म्हणून ज्या माणसानं पोस्टकार्ड खर्ची घातलं, तो आज सोंडवाला प्राणी लिहून वर मिशी पुसत होता.

मग मी वाचलं, "नऊ उभा. राजाचा सल्लागार." आणि चौकोनात नऊ उभा नव्हताच. आठ होता, दहा होता. नऊ आडवाच होता.

"हद्दखूण हरवलीय," अण्णा शांतपणे म्हणाले. "होतं असं. लोक रात्रीतून दगड हलवतात." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एका घरात बारीक नऊ काढला.

आईला राहवलं नाही. "आधी मुलामुलीला बोलू तरी द्या दोन शब्द. शैला, त्यांना हात धुवायला पाणी दे मागं."

मागच्या नळावर श्रीरंगनं हात धुतले, तोंड धुतलं, मान धुतली. टॉवेल मी पुढं केला. तो घ्यायच्या ऐवजी म्हणाला, "ते सुटणार नाही."

"काय?"

"कोडं. सूचना आजच्या आहेत, चौकोन उद्याचा आहे. मी येताना एसटीत बघितलं. उतरून परत जाणार होतो, मामांनी सोडलं नाही."

"तुम्हाला काय माहीत चौकोन उद्याचा आहे ते?"

तो नळाकडं बघत म्हणाला, "मीच करतो कोडं. पहाटवारात."

मी टॉवेल छातीशी धरला. घरात अण्णांचा आवाज आला, "बाबू, सल्लागार पाच घरं!" आणि मामाचा, "मुख्यप्रधान!" आणि मग अण्णांचा, "वा."

"मग चिकटवलं असं कुणी?"

"संपादकांच्या मेहुण्यानं. मी काल सुट्टीवर होतो."

"सुट्टी कशाला घेतलीत?"

"दाढी, कपडे, इस्त्री," तो म्हणाला. "तुम्हाला बघायला यायचं म्हणून."

मी म्हटलं, "सांगून टाका अण्णांना."

"काय सांगू? ज्याला चरायला जा म्हणून लिहिलंत, तो मीच म्हणून?"

"ते त्यांचं मत होतं."

"दिवाळीत गाढव लिहिलं होतं."

"गाढव नाही. अर्धशिक्षित."

"अर्धशिक्षित श्रावणात. गाढव दिवाळीत." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "अक्षर तुमचं आहे ना? मला वाटायचं कुणीतरी म्हातारे गृहस्थ असतील, पण अक्षर किती सुंदर. कार्ड आलं की आधी अक्षर बघायचो. मग गाढव वाचायचो."

मला आत्तापर्यंत तिघांनी विचारलं होतं, पुरणपोळी येते का, टायपिंग येतं का, आणि बदली झाली तर चालेल का. यानं विचारलं, "सूचनांचं टायपिंग बारीक पडतं का हो वाचायला?"

"मला नाही. अण्णांना दिसत नाही. म्हणून तर मी वाचते."

"हं," तो म्हणाला. आणि टॉवेल घेतला. "सांगितलं तर हाकलतील. नाही सांगितलं तर सुटणार नाही, म्हणून हाकलतील. आता काय करायचं?"

"जेवायचं," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

जेवलो. म्हणजे ते जेवले. अण्णांनी ताटाशेजारी पेपर ठेवला होता आणि वरणाचा एक थेंब बारा आडव्यावर पडला, तर ते घर काळं समजून त्यांनी पुढं काम केलं. मोजणी अर्धी टाकून उठायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. दुपार कलली. पोहे आईनं परत गरम केले, परत गार झाले, शेवटी मामानं एकट्यानं खाल्ले. श्रीरंग अण्णांच्या शेजारी बसून होता. ते विचारायचे, "बसतो ना?" तो म्हणायचा, "बसतो." बाकी काय म्हणणार. ज्या चौकोनात त्यानं मोठ्या कष्टानं उद्याचे शब्द बसवले होते, त्यात त्याच्या डोळ्यांसमोर ळाना वाहत होती आणि सोंडवाला प्राणी चरत होता. एकदा त्याचा हात आपोआप खोडरबराकडं गेला. मी खोकले. हात मागं आला.

शेवटचं घर भरलं तेव्हा उन्हं ओसरीतनं निघून गेली होती. अण्णांनी सगळं शाईनं गिरवलं.

"झालं," ते म्हणाले.

मामा पुढं सरकला. "मग दाजी? मुलानं दिवसभर साथ दिली. एकदाही घाई नाही, एकदाही उलट उत्तर नाही. पसंत म्हणायचं ना?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात साखरेची वाटी. तिनं आधीच भरून ठेवली होती.

अण्णा म्हणाले, "मुलगा शांत आहे. पसंत आहे." आई पुढं आली. "पण कोडं दोघांनी मिळून सोडवलंय. उद्या उत्तर येईल. सगळीच्या सगळी घरं जुळली, तर उद्याच सुपारी फोडू. एक घर जरी चुकलं, तरी नाही."

"दाजी, एखादं घर इकडं तिकडं व्हायचंच की."

"बांध इकडं तिकडं झाला तर लोक कुऱ्हाडी काढतात, बाबू. एक घर म्हणजे एक घर."

आई साखरेची वाटी घेऊन आत गेली. आतनं डबा उघडल्याचा आवाज आला आणि साखर परत डब्यात पडल्याचा. आवाज म्हणजे काय, एवढीशी साखर, पण मला ऐकू आला. मामा डोकं धरून बसला. श्रीरंग उठला, शर्ट खाली ओढला, म्हणाला, "येतो, काका. चारची सोलापूर गाठतो."

तो दारापर्यंत गेला. चप्पल घालायला वाकला. मी अण्णांच्या पाठीमागं उभी होते. मला वाटत होतं, आपण काहीतरी बोललं पाहिजे, ओरडलं पाहिजे. आयुष्यात मी अण्णांसमोर ओरडले नव्हते आणि तेव्हाही जमलं नाही. पण तोंडातनं एक शब्द आला.

"अण्णा, नक्कल?"

"काय?"

"पक्षकाराची नक्कल. आज पक्षकार ते आहेत. न देता कसं पाठवता?"

अण्णा थबकले. त्यांच्या सगळ्या नोकरीत एकाही मोजणीची नक्कल द्यायची राहिली नव्हती. निरोपाच्या भाषणात साहेबांनी तेवढं एकच वाक्य खरं बोललेलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वाचायला कापून घेतलेली सूचनांची पट्टी घडी घालत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम तो नियम."

त्यांनी गुंडाळ्यातनं ट्रेसिंग पेपर कापला, चौकोनावर ठेवला, एकेक घर, एकेक अक्षर उतरवलं, खाली सही केली आणि श्रीरंगच्या हातात दिला. "उद्या ताडून बघा."

श्रीरंगनं तो कागद असा धरला, जसं आपल्याच तेराव्याचं आमंत्रण आलंय.

मी फाटकापर्यंत गेले. मामा पुढं रिक्षा बघायला गेला होता.

"हे कशाला दिलंत मला?" श्रीरंग म्हणाला. "ताडायचं काय यात? सगळंच चूक आहे."

"पेपरात उत्तराचा चौकोन कोण चिकटवतं?"

"मी."

मी फाटकाची कडी काढली. तो कागदाकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. मग परत कागदाकडं.

"ळाना?" तो म्हणाला. "ळाना छापू? सगळा जिल्हा वाचतो हो कोडं. माझी नोकरी जाईल."

"गाडी चुकवू नका," मी म्हटलं आणि फाटक लावलं.

त्या रात्री अण्णा कधी नव्हे ते लवकर झोपले. आईनं देवापुढं दिवा लावला आणि काहीच मागितलं नाही.

सकाळी मी स्टँडवर जाऊन पेपर आणला. वाटेत उघडला नाही. काखेत धरला होता, आणि अख्खी वाट तो काखेला भाजत होता. अण्णा खिडकीत बसले होते. आंघोळ झालेली, टोपी घातलेली. समोर दप्तराचा ट्रेस.

"वाच," ते म्हणाले.

मी पान उघडलं. अक्षरं दिसायला थोडा वेळ लागला. "एक आडवा. नारळाची करंजी."

अण्णांनी ट्रेस जवळ ओढला.

"तीन उभा." मी ओळीवर बोट ठेवलं. "ळाना."

"परत वाच."

"ळाना."

"पुढं."

कलिंगड. जीवा. सोंडवाला प्राणी. नऊ उभा मुख्यप्रधान, आणि त्या घरात बारीक नऊसुद्धा काढलेला. बारा आडव्यात वरणाच्या थेंबाचं काळं घर. मी वाचत गेले आणि आई दारात येऊन उभी राहिली. शेवटी अण्णांनी पेपर माझ्या हातातनं घेतला, त्यावर ट्रेस ठेवला आणि उजेडाला धरला. बराच वेळ धरला. एकही रेघ इकडची तिकडं नव्हती. मोतीबिंदूतनं जेवढं दिसत होतं तेवढं ते बघत होते.

"अशी नदी नाही, शैला," ते म्हणाले.

"पेपरात आलंय, अण्णा."

"नकुलाला जीवा कोण म्हणतं?"

"नकाशा चुकत नाही. तुम्हीच म्हणता."

त्यांनी ट्रेस खाली ठेवला. "छापखाना म्हणजे तोच छापखाना होय," ते स्वतःशीच म्हणाले. मग हसले की काय, मला कळलं नाही. मिशी हलली एवढं खरं.

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, कोडं चुकलंय ते?"

"दुसऱ्या शब्दाला. ळ बघितल्यावर."

"मग दिवसभर सोडवत का बसलात?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्यांची भिंत आणि त्यावर वाळत घातलेली गोधडी. त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला.

"धड कोडं मागितलं असतं तर सुटलं असतं, आणि तुला द्यावी लागली असती," ते म्हणाले. "वाचतं कोण मला मग?"

इतक्या वर्षांत त्यांच्या कोड्यातला एकही शब्द मला अडला नव्हता. यावर मात्र मला काही म्हणता येईना. हे आधी सांगितलं असतं तर मी गेलेच नसते, असं म्हणावं तर ते खरं नव्हतं. जाते, असं म्हणावं तर तोंडातनं निघेना.

तोंड आईनं उघडलं. "मी वाचीन," ती म्हणाली. "चौथी शिकलेय. सावकाश वाचीन, पण वाचीन. कलिंगड कुणी सांगितलं होतं?"

अण्णांनी तिच्याकडं वळून बघितलं. मग मला म्हणाले, "जा, वाण्याकडनं सुपारी घेऊन ये. चांगली बघून आण, किडकी देतो तो."

मी सुपारी घेऊन आले तेव्हा अण्णा घरात नव्हते. जरा पाय मोकळे करायला गेले, असं आई म्हणाली.

लग्न झालं. मी सोलापूरला आले. त्या एका कोड्यापायी पहाटवाराकडं पोत्यानं पत्रं आली होती. करमाळ्याच्या एका डॉक्टरांनी पेपर बंद केला. पंढरपूरच्या वकिलांनी ळानाचा उगम विचारला. संपादकांनी श्रीरंगला केबिनमध्ये बोलावलं. त्यानं सांगितलं, नदी बिहारात आहे, बाकीचं सगळं तुमच्या मेहुण्यांनी चिकटवलेल्या चौकोनातून आलंय. मेहुण्याचं नाव निघाल्यावर संपादकांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि विषय संपला. नोकरी राहिली.

एका संध्याकाळी श्रीरंगनं कामावरनं येताना एक पोस्टकार्ड आणलं. "तुला दाखवायचं राहिलंच. लग्नाआधीच आलं होतं. पत्ता बार्शीचा, पण अक्षर तुझं नाही. म्हणून ठेवून दिलं बाजूला."

अक्षर माझं नव्हतंच. ओळी उतरत उतरत कार्डाच्या कोपऱ्यात गेल्या होत्या, एक अक्षर दुसऱ्यावर चढलेलं, पत्त्यातला सोलापूरचा र कार्डाबाहेर निघालेला. ज्यानं सगळा जन्म दुसऱ्यांचे बांध सरळ केले, त्याला स्वतःची एक ओळ सरळ लिहिता आली नव्हती. तारीख मी सुपारी आणली त्या दिवसाची होती.

मी वाचलं. सूचना वाचायचे तसं, मोठ्यानं.

"संपादक, दैनिक पहाटवारा यांस. आज प्रसिद्ध झालेले उत्तर ताडून पाहिले. काढण्यासारखी चूक सापडली नाही. द. वि. बगाडे, बार्शी."